इंजिन ऑइलकडे दुर्लक्ष केलं की काय होतं? गॅरेजात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जळगाव-धुळे रस्त्यावर माझं गॅरेज आहे. दोरीने ओढून आणलेली गाडी दारात थांबली की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "कालपर्यंत चांगली चाली राहिनी व्हती भो!" ते खोटं बोलत नसतात. ऑइलअभावी मरणारं इंजिन शेवटच्या दिवसापर्यंत बहुतेक वेळा चांगलंच चालतं. चहा पिता पिता जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकदाच लिहून ठेवतोय.

दोन वर्षं ऑइल बदललं नाही, तरी गाडी मस्त पळते. मग बिघडलं काय?

आतलं बिघडलं. बोनेट उघडून ते दिसत नाही.

ऑइल म्हणजे नुसता बुळबुळीतपणा नाही. त्यात काजळी धरून ठेवणारी, आम्ल मारणारी, लोखंडावर लोखंड घासू न देणारी रसायनं मिसळलेली असतात. ती वापरात संपत जातात. संपली की ऑइल असतं, पण नावाला. पातळी पूर्ण भरलेली आणि ऑइल मेलेलं, असं रोज बघतो मी. मग जळलेल्या इंधनाची काजळी, थोडं पाणी, थोडं कच्चं पेट्रोल किंवा डिझेल हे सगळं मिळून गाळ तयार होतो. हा गाळ वरच्या झाकणाच्या आतून चिकटतो, बारीक वाटांमध्ये साचतो आणि शेवटी खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइल साठणाऱ्या भांड्यात, ऑइल पंप जिथून ऑइल ओढतो त्या जाळीवर बसतो. विहिरीत पाणी आहे, पण मोटारीच्या फूटव्हॉल्व्हला शेवाळ गुंडाळलंय, अशी गत. जाळी अर्धी बुजेपर्यंत गाडी काहीएक सांगत नाही.

इंजिन "बसलं" किंवा "सीज झालं" म्हणजे नेमकं काय झालं?

एक गाडी डोळ्यांसमोर आहे, तीच सांगतो. गेल्या पावसाळ्यात रावेरकडून एक डिझेल गाडी आली. मालक केळीच्या व्यवहारातला. पहाटे बागेत, दुपारी वजनकाट्यावर, संध्याकाळी पुन्हा बागेत. सर्व्हिसिंगला वेळ कुणाला? आधी खालून टकटक सुरू झाली, ती त्यांनी गाण्याचा आवाज वाढवून मिटवली. मग चढावर इंजिन एकदम जाम झालं.

चेंबरचा नट काढला तर ऑइलची धार पडायला हवी. ते मधासारखं लोंबलं. चेंबर उतरवलं तेव्हा तळाला बोटभर जाड काळा थर होता, काकवी करपल्यावर कढईला बसतो तसा. जाळीवर पाच रुपयांच्या नाण्याएवढी जागा काय ती उघडी. मग बेअरिंग काढली. पिस्टनला जोडणारा कनेक्टिंग रॉड आणि क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, यांच्या मध्ये अर्धगोल पत्र्यासारखे दोन तुकडे असतात, वरून करडे, गुळगुळीत. इथे करडा थर उडून खालचं तांबं उघडं पडलं होतं. तिसऱ्या सिलिंडरचे दोन तुकडे तर आपल्या जागेवर फिरून एकमेकांवर चढले होते. क्रँक तिथे तापून निळी पडली होती आणि नख फिरवलं तर नख अडकत होतं.

झालं ते असं. क्रँक बेअरिंगला टेकून फिरतच नाही. दोघांमध्ये केसापेक्षा बारीक फट असते, तीत पंप दाबाने ऑइल भरतो आणि क्रँक त्या ऑइलवर तरंगत फिरते. ३,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३,००० फेऱ्यांना, ती सेकंदाला ५० फेरे मारते. ऑइलचा दाब पडला की फेरे तेच राहतात, तरंगणं संपतं. धातूवर धातू येतो, तापतो, मऊ धातू वितळून चिकटतो. कधी इंजिन जागीच धरतं, कधी रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. रॉड बाहेर आला की बांधायलाही काही उरत नाही.

चालू गाडीत ऑइलचा तांबडा दिवा लागला. घर आठच किलोमीटरवर आहे. हळूहळू जाऊ का?

नाही. हळूहळूही नाही. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा.

गरम पाण्याचा काटा वर गेला तर थोडी मुदत मिळते. या दिव्यात मुदत नाही. चालत्या गाडीत ऑइलचा दाब साधारण तीन-चार बार असतो आणि हा दिवा बहुतेक गाड्यांत तो जवळजवळ अर्ध्या बारपर्यंत पडल्यावर लागतो. म्हणजे दिवा इशारा देत नाही, बातमी देतो. तिथून पुढचं प्रत्येक मिनिट बेअरिंगवर पडतं.

बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, पाहा. ऑइल कमी असेल तर भरा, खाली गळती दिसते का बघा, मग चावी द्या. दिवा लगेच विझला तर गॅरेजपर्यंत या. विझला नाही तर पुन्हा बंद, आणि गाडी ओढूनच आणायची. ओढून आणायला दोन-तीन हजार जातात म्हणून माणसं गाडी चालवत आणतात. मुक्ताईनगरच्या अलीकडे दिवा लागलेल्या एकाने "घर आलंच" म्हणून बारा किलोमीटरांतले आठ कापले. उरलेले चार ट्रॅक्टरमागे. त्या आठ किलोमीटरांचं बिल लाखाच्या पुढे गेलं.

दिवा लागत नाही, म्हणजे ऑइल पुरेसं आहे ना?

हा या धंद्यातला सगळ्यात महाग गैरसमज. बहुतेक गाड्यांत तो दिवा दाब सांगतो, पातळी नाही. चार लिटरच्या जागी अडीच लिटर असलं तरी पंपाला ओढायला मिळतंय तोवर दिवा गप्प. मग कन्नड घाटात किंवा तोरणमाळच्या वळणांवर गाडी एका अंगाला कलते, ऑइल चेंबरच्या एका कोपऱ्यात जातं, पंप हवा ओढतो, दिवा क्षणभर लुकलुकतो आणि विझतो. मालक म्हणतो वायरिंगचा घोळ असेल. वायरिंगचा नसतो.

अजून एक तपासा. चावी फिरवली, इंजिन अजून सुरू केलं नाही, तेव्हा हा दिवा लागलाच पाहिजे, आणि सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. चावी देऊनही लागत नसेल तर बल्ब गेलाय, वायर निघालीय किंवा कुणीतरी मुद्दाम काढलीय. जुनी गाडी विकताना वायर काढून ठेवणारे महाभाग आहेत.

डिपस्टिक कशी पाहायची?

गाडी सपाट जागेवर. इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. डिपस्टिक काढा, सुती फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. ऑइलचा ठसा खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये हवा, वरच्या बाजूला असेल तर उत्तम. लहान गाड्यांत त्या दोन खुणांमधलं अंतर साधारण लिटरभराचं असतं, म्हणजे खालच्या खुणेला टेकलं तर लिटरभर लागेल. एकदम ओतू नका, पाव-पाव लिटर घालून बघत जा. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी एवढं पुरे. टायरमध्ये हवा भरायला थांबता, तेव्हाच करा.

किती किलोमीटरला बदलायचं? कुणी पाच हजार सांगतं, कुणी पंधरा.

पहिलं, गाडीसोबतचं पुस्तक उघडा. बहुतेक गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असं लिहिलेलं सापडेल. "जे आधी येईल ते" हे चार शब्द कुणी वाचत नाही.

आता माझा हिशोब. आपल्याकडे घरोघरी ट्रॅक्टर आहेत आणि ट्रॅक्टरचं ऑइल कुणी किलोमीटरवर बदलत नाही, तासांवर बदलतो, बहुतेकांना २५० तासांच्या आसपास. तोच न्याय गाडीला लावा. हायवेवर धरून सरासरी ताशी ४० किलोमीटर पडत असतील तर १०,००० किलोमीटर म्हणजे २५० तास. बरोबर जुळतं. पण गाडी जळगाव शहरातच फिरते, सिग्नल, बाजार, शाळेपुढची रांग, सरासरी पडते ताशी २०. मग तेच १०,००० किलोमीटर ५०० तासांचे झाले. शिवाय मे महिन्यात एसी चालू ठेवून लग्नाच्या मांडवाबाहेर पाऊण तास उभी असलेली गाडी. मीटर हललं नाही, इंजिन मात्र पाऊण तास राबलं. अशा वापराला मी सात हजारांवर बदलायला सांगतो. पुस्तकातही "खडतर वापर" म्हणून वेगळी ओळ असते. धूळ, ऊन, थांबत-थांबत चालणं, ओढकाम हे सगळं त्यात येतं, आणि आपलं अर्धं खानदेश त्या ओळीत बसतं.

तारीख लक्षात राहत नसेल तर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, धरा. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या करारावरच्या शेतगड्याचं, साल आखाजीला बदलायचं, गाडीचं ऑइलही त्याच दिवशी. माझ्या काही गिऱ्हाइकांनी तसं लावून घेतलंय. आखाजीच्या आधीच्या आठवड्यात गॅरेजात पाय ठेवायला जागा नसते, एवढीच अडचण.

गाडी वर्षात दोन-अडीच हजारच चालते. तरी बदलू?

हो. घर ते दुकान दोन किलोमीटर, असा वापर इंजिनला हायवेपेक्षा वाईट. इंजिन पुरतं तापतच नाही, आत जमलेलं पाणी आणि कच्चं इंधन उडून जात नाही, ऑइलमध्येच राहतं. धुळ्याला थंडीत काही वर्षी पारा सहा-सात अंशांवर उतरतो, तेव्हा तर विचारूच नका. वर्षातून एकदा बदला, आणि पंधरा दिवसांतून एकदा गाडी लळिंगपर्यंत तरी मोकळी पळवून आणा.

इथे उन्हाळ्यात ४५ अंश होतात. जाड ऑइल टाकलं तर बरं ना?

हा प्रश्न एप्रिलपासून रोज. बाहेर ४५ असो की २५, तापलेल्या इंजिनातलं ऑइल शंभर अंशांच्या आसपासच काम करतं. ५डब्ल्यू-३० मधला ३० हा आकडा शंभर अंशांवरच्या जाडीचाच आहे, आणि डब्ल्यूच्या आधीचा ५ थंड इंजिनात ऑइल किती लवकर वाहील ते सांगतो. भुसावळचं ऊन कंपनीने आधीच धरलेलं असतं.

जुन्या जीपला २०डब्ल्यू-४० चालायचं, कारण त्या इंजिनातल्या फटी मोठ्या होत्या. आजच्या इंजिनात ऑइलच्या वाटा बारीक, व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्या दाबावर हलतं, टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनरही ऑइलवर चालतो. तिथे जाड ऑइल टाकलं तर सकाळी पहिल्या स्टार्टला ते वर पोचायला उशीर करतं, आणि झीज सगळ्यात जास्त होते ती त्याच काही सेकंदांत. पुस्तकात दोन ग्रेड दिल्या असतील तर उन्हाळ्यात त्यांतली जाड घ्या. तिसरी शोधू नका.

उन्हाळ्यात खरं लक्ष द्यायचं ते कूलंट, रेडिएटर फॅन आणि एअर फिल्टरकडे. काळ्या मातीच्या रस्त्याची धूळ फाटक्या एअर फिल्टरमधून आत गेली की पिस्टनच्या रिंगा घासते, मग ऑइल वर चढून जळतं आणि निळा धूर सुटतो.

नवीन टाकलेलं ऑइल दोन दिवसांत काळं पडलं. फसवलं का मला?

डिझेल असेल तर नाही. डिझेलची काजळी ऑइल पकडून ठेवतं म्हणूनच ते काळं होतं, त्याचं ते कामच आहे. पेट्रोलचं हळूहळू काळवंडतं. सीएनजीवाल्यांची फसगत उलटी होते. त्यांचं ऑइल बरेच दिवस स्वच्छ दिसतं म्हणून ते बदलत नाहीत, आत मात्र ते उष्णतेने थकलेलं असतं. रंगावरून निकाल देऊ नका. बोटांच्या चिमटीत घेऊन चोळा, कणी लागली तर काळजी करा.

डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. चांगलंच की?

ऑइल आपोआप वाढत नसतं, काहीतरी मिसळतंय. रंग दुधाच्या चहासारखा झाला असेल तर पाणी, म्हणजे बहुधा हेड गास्केट किंवा ऑइल कूलर. गाडी चालवू नका. डिझेलचा वास येत असेल तर बीएस-६ गाड्यांत नेहमीचं कारण असं, की सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर साफ करायला गाडी जादा डिझेल मारते, तुम्ही मध्येच बंद करता आणि ते डिझेल चेंबरमध्ये उतरतं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला धरत नाही. त्या फिल्टरचा दिवा लागला की वीस-पंचवीस मिनिटं सलग हायवेला काढा. आणि त्या गाड्यांना कमी राखेचं, पुस्तकात सांगितलेलंच ऑइल लागतं, नाहीतर तो महागडा फिल्टर बुजतो.

जास्त भरलेलंही वाईटच. क्रँक ऑइलात आपटते, फेस होतो, फेस म्हणजे हवा. डिझेलमध्ये तर जादा ऑइल ब्रीदरच्या नळीतून इंजिन ओढून घेऊ शकतं, आणि मग चावी काढली तरी इंजिन स्वतःच्याच ऑइलवर भणाणत राहतं. एकदा ते पाहिलंय. पुन्हा पाहायची हौस नाही.

टर्बो गाडी लगेच बंद करू नये म्हणतात, खरं का?

खरं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याचा आधार ऑइलच. दामटून पळवून आणलेली गाडी ढाब्यावर पोचताच बंद केली तर तापलेल्या टर्बोतलं ऑइल तिथेच भाजून कोळसा होतं. मिनिटभर आयडलला, म्हणजे रेस न देता नुसती चालू, ठेवा. सुरू केल्यावरही लगेच रेस करू नका.

शेतरस्त्यावर दगड लागून चेंबर फुटलं. विमा मिळेल?

चेंबरचे पैसे साधारणपणे मिळतात, तो अपघात झाला. पण चेंबर फुटल्यावर तुम्ही गाडी चालवत राहिलात आणि इंजिन बसलं, तर साध्या पॉलिसीत ते "परिणामी नुकसान" म्हणून नाकारतात. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं, आणि त्यालाही अटी असतात. ऑइल न बदलल्याने झालेली झीज कुठल्याच पॉलिसीत येत नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर प्रत्येक सर्व्हिसिंगचं बिल जपून ठेवा. दावा करताना पहिला कागद तोच मागतात.

बाहेर बदलून घेताना काय बघू?

समोर उभे राहा. डबा सीलबंद असावा आणि तुमच्यासमोर फुटावा, रिकामा डबा फोडून टाकायला लावा, कारण चांगल्या नावाचे रिकामे डबे पुन्हा भरून विकले जातात. ऑइलसोबत फिल्टर बदललाच पाहिजे, चेंबरच्या नटाचा वॉशरही. वॉशर वीस-तीस रुपयांचा, आणि गळती बहुतेक तिथूनच.

आता माझीच चूक सांगतो. गॅरेज नवं होतं तेव्हाची. जुना फिल्टर काढला, त्याची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली, मी न बघता नवा फिल्टर वर आवळला. दोन रिंगा एकावर एक. गॅरेजात थेंब गळला नाही. पारोळ्याच्या पुढे दाबाने वरची रिंग सरकली आणि मिनिटभरात सगळं ऑइल रस्त्यावर. त्या माणसाने दिवा बघितला तोवर इंजिन वाजायला लागलं होतं. पदरचे पैसे घालून बांधून दिलं. तेव्हापासून जुना फिल्टर उलटा करून त्यावर रिंग आहे का, हे मी गिऱ्हाइकालाच दाखवतो. तुम्हीही मागून बघा.

जुन्या गाडीत गाळ झालाय. फ्लश (गाळ धुणारं रसायन) टाकून साफ होईल?

थोडाफार असेल तर. खूप असेल तर फ्लश हेच विष. सुटलेला गाळ एकदम जाळीवर जातो आणि जे दोन वर्षांनी व्हायचं ते दोन दिवसांत होतं. मी चेंबर उतरवून जाळी हाताने धुतो, मग चांगलं ऑइल टाकून दोन हजारांवर पुन्हा बदलतो. जुनी गाडी विकत घेत असाल तर ऑइल भरायचं झाकण उघडून आत बॅटरी मारा. सोनेरी-तपकिरी दिसलं तर ठीक. काळी साय दिसली तर भाव पाडा किंवा हात जोडून निघा. इंजिन रात्रभर थंड असतानाच सुरू करून ऐका, विकणारा आधीच गरम करून ठेवतो.

खालून ठकठक येतेय. अजून वाचेल?

लगेच थांबलात तर कदाचित. जुना फिल्टर करवतीने कापून आतला कागद उलगडा. चकाकणारे कण दिसले तर लोहचुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड, न चिकटणारे तांबूस-करडे कण असतील तर बेअरिंग चाललीय. या टप्प्यावर बेअरिंग बदलून, गरज पडल्यास लेथवाल्याकडे क्रँक घासून भागतं. पुढे गेलं तर पूर्ण इंजिन. छोट्या पेट्रोल गाडीचं ऑइल-फिल्टर दोन-तीन हजारांत होतं. पूर्ण डिझेल इंजिन बांधायला माझ्याकडे लाखाच्या खाली क्वचितच काही होतं, आणि पंधरा दिवस गाडी गॅरेजात. भंगारातून दुसरं इंजिन आणून बसवणं स्वस्त पडतं, पण त्याचं ऑइल आधीच्या मालकाने बदललं होतं का, ते कोण सांगणार? इंजिन नंबर बदलला की आरटीओचे कागदही आले.

काढलेलं काळं ऑइल घरी नेऊ का?

लोक मागतात. कुणाला चौकटीला वाळवी लागू नये म्हणून लावायचं असतं, कुणाला बैलगाडीच्या आसाला वंगण. आसापुरतं वाटीभर मी देतो, बाकी ड्रममध्ये जमा करून परवानाधारक गोळा करणाऱ्याला जातं, कारण कायद्याने तो घातक कचरा आहे. नाल्यात, विहिरीजवळ, शेतात ओतू नका. आणि वाटी नेणाऱ्या एका आजोबांना मी विचारलं, "बाबा, गाडीला वंगण कधी घालता?" ते म्हणाले, "कुरकुरायच्या आधी."